पांढऱ्या दोऱ्याची गाठ

गच्चीवरच्या एसीच्या मशीनचं झाकण उघडलं आणि प्रेमानंद मटकन खाली बसला. खारीनं आतली वायर पार कुरतडून ठेवली होती. सकाळी नीलाताईंनी फोन केला, "एवढ्या थंडीत एसी गरम हवा देत नाही, लवकर या," तेव्हा त्याला वाटलं होतं, एखादा स्क्रू ढिला झाला असेल, दहा मिनिटांचं काम. आता खालच्या खोलीपासून गच्चीपर्यंत अख्खी वायर बदलणं आलं.

वायर बदलण्यात काय एवढं? तीस वर्षं गडी तेच तर करत आला होता. पण त्याची एक गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस, त्याची बायको प्रेमिला, दोन वर्षांपूर्वी गेलं. प्रेमानंदला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नसे. दोन्ही तारा त्याला सारख्याच मातकट. लाल तारेतून करंट येतो, हिरवी अर्थिंगची. दोन्हींची अदलाबदल झाली, तर मशीनच्या पत्र्यातच करंट उतरायचा.

म्हणून प्रेमिला वाडीतल्या त्यांच्या खोलीच्या दारात बसून वायरीची टोकं सोलायची आणि लाल तारेला दोन्हीकडून पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून द्यायची. तो कामाला होता त्या एसीच्या दुकानात सगळ्यांना वाटे, माणूस भारीच टापटिपीचा. दुखण्यात अंथरुणाला खिळली तरी तिचं बांधणं चालूच होतं. तिच्यामागे गाठ मारलेली चाळीस बंडलं निघाली. त्यातलं शेवटचं मागच्या आठवड्यात हिंगण्याच्या एका कामाला लागलं.

प्रेमानंदनं पिशवीतलं नवं बंडल सोललं. चार तारा. निळी नि काळी ओळखीची, बाकी दोन मातकट. मीटर लावून वरची-खालची टोकं जुळवता आली असती, पण हिरवी कोणती हे मीटर सांगत नाही. आणि पुढे कधी दुसरा मेकॅनिक आला, तर हिरवी म्हणजे अर्थिंग समजून तिला बिनधास्त हात लावणार.

तेवढ्यात नीलाताई शाल सावरत चहा घेऊन वर आल्या.

"ताई, चष्मा घरीच राहून गेला माहा. यातली लाल कोनती, जरा सांगता का?"

"चष्मा तर तुमच्या खिशात आहे, भाऊ."

प्रेमानंद ओशाळला. असं खोटं बोलायची वेळ प्रेमिलानं त्याच्यावर कधी येऊ दिली नव्हती. कप खाली ठेवून त्यानं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सहा वर्षांपूर्वी हे मशीन बसवलंत, तेव्हाही?"

"तेव्हाबी. पन हे पाहा." त्यानं जुन्या वायरीचं टोक पुढं केलं. मळून काळपट झालेली गाठ अजून घट्ट होती. "हे तिनं बांधली. एकबी चुकली नाई तिची."

"दुकानात माहीत आहे?"

"नाई. मालकाले कळलं तर काम बंद. या वयात कोन ठेवते मले?"

नीलाताईंनी जिन्याकडे पाहिलं. खाली त्यांच्या नवऱ्याला, श्रीधररावांना, खोकल्याची उबळ आली होती. त्यांची फुप्फुसं अधू, डॉक्टरांनी थंडी लागू देऊ नका म्हणून बजावलेलं, आणि डिसेंबर नुसता झोंबत होता.

"मला भीती वाटते, भाऊ. खोटं कशाला सांगू? यांचा पलंग त्या एसीखालीच आहे."

"वाटनारच. अंदाजानं जोडून गेलो असतो, तर तुमाले समजलंबी नसतं. पन तिले वचन देलं हाये. गाठ नाई, तर हात लावाचा नाई."

नीलाताई खाली गेल्या. दुकानात फोन करायला गेल्या असणार, प्रेमानंदनं ओळखलं, आणि पाने-पकडी पिशवीत भरायला घेतल्या.

त्या परत आल्या, त्या शिवणाचा डबा घेऊन. कठड्याशी बसत म्हणाल्या, "ही लाल. दाखवा, कुठे बांधायची?"

त्यानं तारेचं टोक पुढं धरलं. "इथं. दोन वेढे घ्या, ताई. हां. आता आवळा."

दुपारपर्यंत वायर जोडून झाली. मशीन सुरू झालं. प्रेमिलाची गाठ असली की तो कधी टेस्टर लावत नसे, सरळ पत्र्यावर तळहात टेकवायचा. आज हात मधेच थांबला. त्यानं टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही, म्हणजे पत्र्यात करंट नव्हता. मग त्यानं तळहात टेकवला. नीलाताईंनीही आपला हात शेजारी ठेवला.

"नीला, गरम हवा यायला लागली गं," खालून श्रीधरराव म्हणाले.

नीलाताईंनी दोऱ्याचं रीळ त्याच्या हातावर ठेवलं. "ज्यांच्या घरी जाल त्यांना आधी सांगायचं आणि त्यांच्याकडूनच बांधून घ्यायची. दुकानात मी नाही सांगणार. ते तुम्हीच सांगा."

"आजच सांगतो, ताई. काय होईन ते होईन."

त्या खाली गेल्यावर तो जुनी वायर गुंडाळू लागला. प्रेमिलाचा दोरा सोडवून नव्या तारेवर बांधावा, असं उगाच मनात आलं म्हणून त्यानं गाठीला नख लावलं. गाठ जागची हलेना. प्रेमिलाची गाठ सोडवायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे ती सुटते कशी हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"राहू दे वं," तो हळूच म्हणाला, आणि वायर तशीच खांद्याला अडकवून जिना उतरू लागला.