ईशान्य कोपऱ्यातला दीड घोडा

रविवारी सकाळी भांडुपच्या त्या औद्योगिक गाळ्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मुलुंडपासून अंधेरीपर्यंतच्या पोरांनी आपापल्या मोटरसायकली आडव्यातिडव्या लावल्या होत्या आणि त्यांतून वाट काढत बायका हार घेऊन चालल्या होत्या. गाळ्यात देऊळ नव्हतं. सिद्धेशचं गॅरेज होतं. पण हल्ली चपला बाहेर काढायची पद्धत पडली होती, त्यामुळे ऑइल सांडलेल्या फरशीवर लोक अनवाणी उभे होते.

जयवंतरावांनी चपला काढल्या नाहीत. ते सिद्धेशचे मामा. भांडुपच्याच एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ऑइलवर अनवाणी उभं राहण्यात पुण्य किती ते त्यांना माहीत नव्हतं, घसरण किती ते माहीत होतं.

गाळ्याच्या मधोमध डायनो होता. जमिनीत बसवलेला जाडजूड लोखंडी रोलर. मोटरसायकल वर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि मागचं चाक रोलरवर सोडून पूर्ण रेस द्यायची. रोलर किती जोरात फिरतो त्यावरून इंजिनाची ताकद निघते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर हॉर्सपॉवरचा आकडा येतो. सिद्धेश इंजिनं ट्यून करायचा आणि आधीचा व नंतरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा. धंदा बरा चालला होता. मग अश्वानंद महाराज आले आणि धंदा फारच बरा चालू लागला.

महाराज रोलरशेजारी खुर्चीत बसले होते. अंगावर भगवी कफनी, पायात रेसिंगचे बूट.

"बेटा, पेट्रोल जळतं, पण जागं होत नाही," ते ओजस नावाच्या पोराला सांगत होते. आज त्याची गाडी रोलरवर होती. "इंजिनालाही नाभी असते. तुझ्या कंपनीला विचार, ते सांगणार नाहीत."

"नाही सांगणार," ओजस म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं.

सिद्धेशने पहिला रन घेतला. गाळा दणाणला. पडद्यावर आकडा आला, अठरा पॉइंट दोन. मग महाराजांनी लाल बुचाच्या बाटलीतले थेंब टाकीत सोडले आणि त्यांचा शिष्य अनय पेटत्या निखाऱ्यांचं धुपाटणं घेऊन पुढे आला.

"ईशान्येला," महाराज म्हणाले. "अश्वशक्ती ईशान्येकडूनच उतरते."

अनयने ईशान्य कोपऱ्यातल्या स्टुलावर धुपाटणं ठेवलं. महाराजांनी मंत्र म्हटला. त्यात 'व्हायब्रेशन' हा शब्द तीनदा आला. दुसरा रन झाला. एकोणीस पॉइंट सात.

"दीड घोडा," गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं आणि लोकांनी हात जोडले.

"लोखंडात दीड घोडा भरला," महाराज म्हणाले. "मग हाडामांसात किती भरेल, विचार करा."

लोकांनी विचार केला नाही, रांग लावली. लाल बुचाची बाटली गाडीला, पिवळ्या बुचाची माणसाला. साखर, रक्तदाब, गुडघे, काहीही असो.

रांगेत पहिली होती मालन, सिद्धेशची आई आणि जयवंतरावांची धाकटी बहीण. जयवंतराव आले होते ते तिच्यासाठीच. आदल्या संध्याकाळी ते तिच्या घरी गेले, तेव्हा ती पाण्याची दुसरी बाटली संपवत होती. ब्लाउज खांद्यांवरून ओघळत होता.

"दादा, माका बरां वाटता," ती म्हणाली होती. "अंग कसां हलकां झालां."

"इन्शुलिन घेतेस ना?"

"बंद केलंय. महाराज म्हणाले, सुई आणि शक्ती एका अंगात रवत नाय."

"सिद्धेशला माहीत आहे?"

"त्याका कित्याक सांगू? घाबरतलो तो."

"मालन, उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"महाराज म्हणाले, पुनवेपर्यंत डॉक्टर नाय. आणि मशीन काय खोटां बोलता? माझ्याच झिलाच्या मशीनवर ह्या डोळ्यांनी बघलंय. तू गप रव."

जयवंतरावांची बायको कुंदा शेवटच्या वर्षात अशीच हलकी होत गेली होती. तिलाही साखरेचाच आजार होता. तिने एकही सुई चुकवली नव्हती, तरी मूत्रपिंडं गेली. औषध घेऊनही माणूस जातं, हे जयवंतरावांनी पाहिलं होतं. औषध टाकून कसं जातं, ते त्यांना पाहायचं नव्हतं.

ते सिद्धेशजवळ गेले.

"सिद्धेश, स्टुलाच्या वर भिंतीवर ती छोटी डबी कसली रे?"

"कुठली? ती होय. टेम्परेचर सेन्सर, मामा."

"त्याचं इथे काय काम?"

"हवा गरम झाली की पातळ होते ना. मग इंजिनाला श्वास कमी मिळतो आणि ताकद कमी दिसते. मे महिन्यातली गाडी आणि जानेवारीतली गाडी सारख्याच मापाने मोजायची, तर उन्हाने जितकं खाल्लं तितकं कॉम्प्युटर परत मिळवतो. सेन्सर सांगतो हवा किती गरम आहे, त्या हिशेबात कॉम्प्युटर आकडा वाढवून..."

सिद्धेश थांबला. त्याने डबीकडे पाहिलं. डबीखाली निखारे फुलले होते.

चाळीस वर्षं जयवंतरावांनी वर्गात हेच केलं होतं. उत्तर सांगायचं नाही, मुलाला बोलू द्यायचं. वाक्याच्या मध्ये मूल गप्प झालं की समजायचं, पोचलं.

"मामा," सिद्धेश हळूच म्हणाला, "आत्ता नको ना. एवढी माणसं आहेत. माझी वाट लागेल."

"तुझ्या आईने इन्शुलिन बंद केलंय."

"काय?"

"तुझ्या मशीनवर विश्वास ठेवून."

सिद्धेशने रांगेकडे पाहिलं. मालन पिवळं बूच उघडत होती. तो सरळ कोपऱ्यात गेला, खुंटीवरून सेन्सर काढला आणि वायर ओढत गाडीपुढे ठेवलेल्या मोठ्या पंख्याजवळ नेऊन टांगला. इंजिन हवा घेतं ती तिथूनच.

"अजून एक रन घेतो," तो म्हणाला. "थेंब टाकीत आहेतच. धूप आहे, महाराज आहेत. मंत्र पण म्हणा."

अनयचा चेहरा उतरला. अनय पूर्वी अंधेरीला अशाच एका डायनोवर कामाला होता, हे नंतर कळलं.

"देवाची परीक्षा घ्यायची नसते, बेटा," महाराज म्हणाले.

"देवाची नाही घेत. सेन्सरची घेतोय."

गाळा पुन्हा दणाणला. अठरा पॉइंट दोन.

गर्दीत चुळबुळ झाली. महाराजांनी डोळे मिटले. "इथे एक अश्रद्ध माणूस आहे. चपला घालून आलाय. त्याच्यासमोर शक्ती उतरत नाही."

"बरोबर आहे," जयवंतराव म्हणाले. "मी इथेच थांबतो. ओजस, टाकीतलं पेट्रोल काढून नवीन भर बघू. आणि कोणीतरी टपरीवरून एक कटिंग आणा, चांगला कढत."

पेट्रोल बदललं, चहा आला. सिद्धेशने धुपाटणं बाहेर नेऊन ठेवलं, सेन्सर पुन्हा भिंतीवर लावला. जयवंतरावांनी चहाचा ग्लास रुमालात धरून त्या डबीला टेकवला. चपला पायात होत्याच. मंत्र कोणी म्हटला नाही.

एकोणीस पॉइंट दोन.

"चहाने एक घोडा," ओजस म्हणाला. "आलं घातलं असतं तर?"

लोक हसले, आणि हसताना पहिल्यांदाच पडदा सोडून भिंतीकडे बघू लागले. सिद्धेशने मग सगळ्यांना सांगितलं. गाडीची ताकद कधीच वाढली नव्हती. डबी तापली, कॉम्प्युटरला वाटलं गाळा भट्टीसारखा तापलाय, आणि त्याने बिचाऱ्या गाडीला दया म्हणून दीड घोडा दिला. "पहिल्या दिवशी मीच बघायला हवं होतं," तो म्हणाला. "आकडा वाढला म्हणून मी खूश होतो."

त्याचं संपेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. रिक्षात चढताना महाराजांचा एक बूट निसटला, तो अनयने उचलला. एका बाईने विचारलं, "पण पिवळ्या बुचाची चालते ना?"

मालन जागची हलली नव्हती. सिद्धेश तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, फेक ती बाटली."

"मशीन फसलां असात," ती म्हणाली. "पण माका बरां वाटता ना."

"मशीनला पण बरंच वाटत होतं गं. शेजारी निखारे होते म्हणून."

जयवंतरावांनी खिशातून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. कुंदाचं होतं. पट्ट्या मात्र सकाळीच नव्या घेतल्या होत्या. मालनने यंत्राकडे पाहिलं आणि बोट पुढे केलं. आकडा तिनेच वाचला. चारशेच्या वर होता.

"आणि हा बरोबर कशावरून?" तिने विचारलं.

त्या दिवशी त्या गाळ्यात विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न हा होता. जयवंतरावांना राग आला नाही. त्यांनी नवी सुई घेतली, स्वतःचं बोट टोचलं आणि त्याच यंत्रात पट्ट्यांच्या त्याच डबीतली पट्टी घातली. एकशे आठ. मालनने दोन्ही आकडे मनात ताडून पाहिले. मग तिने बाटली बूच लावून खाली ठेवली.

"सिद्धेश," ती म्हणाली, "रिक्षा बोलव. दवाखान्यात जाव्या."

तिला दाखल करावं लागलं. वेळेत नेलं म्हणून ती घरी आली, आणि आता सुई घेते. सिद्धेशची गिऱ्हाइकं निम्मी झाली. उरलेली गाडी ट्यून करायला येतात आणि चपला घालून येतात.

लोकांना मूर्ख म्हणून काही होत नाही. त्या गाळ्यातले लोक मूर्ख नव्हते, त्यांनी आकडा डोळ्यांनी पाहिला होता. फक्त आकड्यापाशी थांबले. यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला जे दाखवाल तेच ते सांगतं, आणि दाखवणारा माणूस असतो. कुणी तुमच्यापुढे गाडीची ताकद वाढवेल, कुणी साखर उतरवेल. हात जोडायची घाई करू नका. आधी विचारा, हे मोजलं कुठे, आणि मोजताना शेजारी काय जळत होतं.