सोमनाथ अंगणातच बसणार

फुलाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, तेवढ्यात थोरले दीर गेनबा दारात येऊन उभे राहिले. तिचा तिशीतला मुलगा सोमनाथ अंगणात शेळीला पाला टाकत होता. मधूनच तो स्वतःशी पुटपुटायचा, हात झटकायचा आणि पुन्हा पाला उचलायचा.

"फुला, रविवारी नूतनला बघायला वरव्याचं पाव्हणं येणारेत," गेनबा म्हणाले. नूतन त्यांची मुलगी. "त्या दिशी ह्याला गोठ्यात बांध. पयल्यासारखा."

पहिल्यासारखा! फुलाबाईनं तवा चुलीवरून खाली उतरवला.

तिच्या नवऱ्यामागं घरचा कारभार गेनबांच्या हाती गेला होता. सोमनाथला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा देवऋषी झाला, अंगारे झाले आणि शेवटी गेनबांनी त्याच्या पायात साखळी घातली. राजगडावर जाणारी पोरं घरापुढून गाणी म्हणत जायची आणि मागच्या गोठ्यात एक धडधाकट माणूस बैलांशेजारी खितपत पडलेला असायचा. घराण्याची अब्रू म्हणून पाली गावही गप्प होतं.

मग मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या भोरच्या एका संस्थेची जीप आली. डॉक्टर, नर्स प्रेरणा आणि कार्यकर्ता स्वरूप. 'पेशंटला घेऊन या' असं ते म्हणाले नाहीत. तेच येत राहिले. डॉक्टर गोठ्यात शेणामुताजवळ मांडी घालून बसले. सोमनाथ अंगावर थुंकला, तरी पुन्हा आले. भांडून त्यांनी साखळी सोडवली. प्रेरणा दर महिन्याला इंजेक्शन द्यायची, स्वरूप त्याला सोबतीनं वेल्ह्याच्या बाजारात न्यायचा. आवाज पुरते थांबले नाहीत. पण त्यांचं किती ऐकायचं, हे आता सोमनाथ ठरवू लागला होता.

फुलाबाई उठून उभी राहिली. दिरापुढं तिनं आजवर मान वर केली नव्हती.

"न्हाई भावजी. त्याला बांधणार न्हाई."

"आन् पोरीचं लगीन मोडलं मंजी?"

"त्यालाच इचारा. त्यो हितंच हाये."

गेनबांनी पुतण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाय आपटत ते निघून गेले.

त्या बोलण्यानं सोमनाथ बिथरला. जेवेना, कोपरा सोडेना. फुलाबाईनं प्रेरणाला फोन लावला. यायचा दिवस नसतानाही तिघं दुपारी हजर झाली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. स्वरूप त्याच्याशेजारी बसला.

"रविवारी तुला काय करायचंय? आमच्याबरोबर भोरला येतोस?"

सोमनाथनं नकारार्थी मान हलवली. "घर माजं बी हाये. म्या अंगणातच बसणार."

"मग आम्हीही येऊन बसतो," प्रेरणा म्हणाली.

रविवारी गेनबा दोर घेऊनच आले. फुलाबाई आडवी आली.

"दोर खाली ठेवा, भावजी. न्हाईतर पाव्हण्यास्नी म्या सोता गोठ्यात नेऊन दावीन, माणूस कुठं बांधला व्हता त्ये."

गेनबांचा हात खाली आला. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

अंगण दोन्ही घरांचं एकच. संस्थेची तिघंही ठरल्याप्रमाणं सोमनाथशेजारी बसली होती. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं पुटपुटणाऱ्या सोमनाथकडं बोट केलं. "ह्यो कोण?"

गेनबा घाईनं पाहुण्यांना आत बोलवू लागले. प्रेरणा पुढं सरली, पण सोमनाथच उठला. हातावरची धूळ झटकून तो म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

"म्या नूतनचा चुलतभाऊ. मला आजार हाये. औषध चालू हाये."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पोह्यांना हातही न लावता ते उठून गेले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर गेनबा उसळले. "घात केलास फुला! माज्या पोरीचं वाटूळं केलंस!"

फुलाबाईचे डोळे भरले होते, पण ती मागं सरली नाही. "भावजी, त्यांस्नी आजारी चुलतभाऊबी चालला न्हाई. उद्या तुमची नूतन त्यांच्या घरात अशीच आजारी पडली असती, तर तिला कुठं बांधली असती? इचारलं व्हतं का?"

गेनबांची नजर उंबऱ्याकडं गेली.

नूतन उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. नव्या साडीचा पदर खोचून ती अंगणात आली, पोह्यांच्या दोन बश्या घेतल्या आणि बापाच्या देखत सोमनाथच्या शेजारी जमिनीवर बसली.

"खा, दादा," ती म्हणाली. "पुढच्या पाव्हण्यांच्या येळंला बी हितंच बसायचंस."