खुंटाला लागली काकडं

मी एक जुना खुंट आहे. कुंपणाचा. माझ्या अंगात तीन खिळे आहेत आणि त्यांना काटेरी तार गुंडाळलेली आहे. मित्रांनो, अशा अवतारात मी स्वतःला झाड म्हटलं तर तुम्ही हसाल. पण मी झाडच आहे, काकडाचं. काकड म्हणजे काकडी नव्हे हं! काकडाला बोराएवढी हिरवी, आंबटढाण फळं येतात.

तलासरीजवळच्या झरी गावात हाल्याने आपल्या वरकस, भात न पिकणाऱ्या जमिनीवर चिकूची कलमं लावली. घोलवडच्या वाड्यांत तो चिकू तोडायला जाई, तिथूनच ही हौस आली. जागा मोकळी करताना त्याने माझी आई तोडली. तिच्या फांद्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचे खुंट करून चारी बाजूंनी ठोकले. त्यातला कोपऱ्यावरचा मी. काकडाची ओली फांदी मातीत रोवली की ती मुकाट्याने मुळं धरते. आम्हीही धरली.

पण फळ? ते कसं असतं, हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. इकडे भाताची रोपं करण्याआधी त्या जमिनीवर डहाळ्या, पाला भाजतात. त्याला राब म्हणतात. दरवर्षी राबासाठी हाल्या आम्हां सगळ्या खुंटांना बोडकं करी. फुलायची वेळ येण्याआधीच कोयता येई. मला राग येत नसे, नवल मात्र वाटे. माझ्या पोटात नक्की काय दडलंय? ते कुणाच्या उपयोगाचं आहे का?

हाल्याची आई रखमी रोज मला पाठ टेकून बसायची. एकदा अंगणवाडीच्या हेमांगीताई तिथे आल्या. त्यांनी बायकांना चित्रातलं ताट दाखवलं. "भाताने पोट भरतं," त्या म्हणाल्या, "पण रक्ताला लोह लागतं, हाडांना कॅल्शियम लागतं. शेवग्याचा पाला खा, रानभाज्या खा. सोबत आवळा नाहीतर लिंबू असं आंबट घ्या, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं." मी कान टवकारले. आंबट? अहो, मी आहे की!

रखमी म्हणाली, "तुझ्या चित्रात शेवळं नाहीत गो."

"शेवळांत काय काय असतं ते मलाही नीट ठाऊक नाही, आजी. पण ताटात जितकं वेगवेगळं, तितकं बरं."

"आमच्याही ताटात नाहीत आता," रखमी म्हणाली. "काकड कुठाय?"

शेवळं म्हणजे मिरगाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. चवीला राजा, पण तशीच खाल्ली तर घसा असा खाजतो की खाणारा नाचतो. काकडाच्या आंबट रसात शिजवली की ती खाज मरते. माझी आई गेली आणि त्या घरातली शेवळंही गेली. हाल्याची बायको भिकी रोज शेवळांच्या बाजूने जाई आणि न खुडताच पुढे होई. घरी बाजारचे बटाटे शिजत. आणि इकडे सगळी वाडी काकडाच्या खुंटांनी वेढलेली! काखेत कळसा नि गावाला वळसा. पण खुंटाला कुठं फळ लागतं, असंच सगळे धरून चालले होते.

मग एका वर्षी हाल्या राब तोडत तोडत माझ्यापाशी आला, तेव्हा रखमी मला टेकून बसलेली होती. "एवढा राहू दे रं," ती म्हणाली. "उन्हाचं डोकं तापतं." हाल्याने कुरकुर केली, पण आईचा शब्द मोडला नाही. मी वाचलो. फांद्या वाढल्या, सावली झाली. पुढच्या राबालाही तिने मला राखलं आणि मी फुललो. फुलांची बोराएवढी फळं झाली. मी तर स्वतःकडेच बघत राहिलो! घरच्यांना पत्ता नव्हता. हिरव्या पाल्यातली हिरवी फळं रखमीच्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नव्हती आणि बाकीचे अंधारात घोलवडला जात, अंधारात परतत.

त्याच सुमारास रखमीला ताप आला. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. भात पुढे केला की तोंड फिरवी. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "पोटात काहीतरी जाऊ दे, नाहीतर औषध काय करणार?" भिकी रडकुंडीला आली. ज्या जागी रखमी बसायची ती रिकामी पडली. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एका सकाळी हाल्या कोयता घेऊन आला. "आये आता बसत नाही," तो भिकीला म्हणाला. "ह्याच्या सावलीने कोपऱ्यातली कलमं खुरटलीत. मुळापासनं काढतो." फांदी बुंध्याला जुळते तिथे त्याने पहिला घाव घातला. फांदी कडाडली आणि नेमकी कुंपणाबाहेर पडली. तिथून किनाऱ्यावरच्या नरपडची चंद्रावती डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन चालली होती. तिच्या टोपलीत टपाटप फळं पडली.

"अगो बाय माझे! काकडं!" ती ओरडली. "हाल्या, मेल्या, थांब! मी सगळा बाजार पालथा घातला, आणि तू सोनं तोडतोस?"

हाल्याचा हात वरच राहिला. "खुंटाला? काकडं?"

भिकी ओढ्याकडे धावली आणि ओटीभर शेवळं घेऊन आली. तिने ती सोलली, खाजरा भाग काढून टाकला. माझी फळं उकडून, कुस्करून रस काढला. चंद्रावतीने त्यात मूठभर जवळा टाकला. रानातलं, बांधावरचं आणि दर्यातलं एका मडक्यात शिजू लागलं. वास माझ्यापर्यंत आला. मित्रांनो, माझा वास असा असतो तर!

आतून रखमीचा आवाज आला. "शेवळं केलीस काय गो?"

ती उठून बसली. पहिला घास घेतला, थांबली. मग तिने ताट पुढे सरकवलं. "भात वाढ," ती म्हणाली.

हाल्या बाहेर आला. माझ्या बुंध्यावरच्या घावावर त्याने ओल्या मातीचा लेप दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. पडलेली फांदी साफ करून त्याने चंद्रावतीला दिली. "नरपडला लाव, मावशी. ओली आहे तोवर ठोक."

आता राबाच्या वेळी हाल्या एक खुंट तोडतो आणि एक सोडतो. कलमांना ऊन मिळतं, घराला काकडं मिळतात. रखमी पुन्हा मला टेकून बसते. घावाची खूण तिच्या पाठीला टोचते, म्हणून ती जरा सरकून बसते.

मित्रांनो, तुमच्या बांधावर, कुंपणावर कोण उभं आहे, ते घरच्या मोठ्यांना विचारा. आम्हाला तोडावं लागतं हे आम्हालाही कळतं. आम्ही पुन्हा फुटतो, त्याचं काही नाही. पण एखाद्याला एक-दोन वर्षं राखून बघा. तो कोण आहे, हे त्याला स्वतःलाही तेव्हाच कळतं.