नवा की जुना

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात शालिकरामचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बिल्टीवरचं, म्हणजे मालाच्या पावतीवरचं, भाडं पूर्ण चुकतं झाल्याशिवाय गठ्ठ्याची सुतळी हलायची नाही, मग गिऱ्हाईक रडो की पाया पडो. "सोडवायचं तं पूर्ण सोडवा, नाही तं परत जाते," हे वाक्य तो झोपेतसुद्धा बरळायचा. माणूस वाईट नव्हता. नियमानं चालण्याची त्याला घमेंड होती, एवढंच. आणि त्याच्यासारख्याला दुसरी घमेंड परवडते तरी कुठली?

त्याचा एकुलता एक मुलगा चंद्रभान कुवेतला वायरमन होता. तो गेल्यावर इकडे त्याच्या आईच्या, जयवंताच्या, पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी हात टेकले. चंद्रभानचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, करार संपेपर्यंत सुटका नाही. त्याची पत्रं यायची. जयवंताला अक्षरओळख नव्हती, म्हणून शालिकराम वाचून दाखवायचा.

"तुम्ही वाचता तं बिल्टी वाचल्यावानी वाटते," ती म्हणायची. "माह्या लेकाचा आवाज त्यात कुठीच सापडत नाही."

हे शालिकरामनं मुलाला कळवलं, तर त्याचं उत्तर आलं की पोस्टानं टेपरेकॉर्डर पाठवतो आहे. आत कॅसेट घातली आहे, मायनं फक्त बटण दाबायचं, मी बोलीन. त्या दिवशी जयवंता पोटभर जेवली. उशाशी स्टूल मांडून घेतलं, त्यावर धुतलेला टॉवेल घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली की इथं माझा चंद्रभान बोलणार आहे.

टेपच्या आधी आला तो कस्टमचा कागद. मुंबईला पार्सल अडवलं होतं. आतली वस्तू नवी की जुनी, किंमत काय, ते लेखी कळवा. शेजारचा ताराचंद दुबईला राहून आलेला, त्याला या भानगडी पाठ होत्या. त्यानं सांगितलं की डोळे मिटून जुना लिहा, नव्यावर ड्यूटी किमतीच्या कितीतरी वर जाते, तुमच्यानं सुटायचं नाही.

शालिकरामनं पेन उघडलं, तेवढ्यात बाजेवरून जयवंता म्हणाली, "काहून जुना? माह्या पोरानं मायले कोणाचं वापरलेलं धाडलं का?"

आणि तिचा चेहरा उतरला. आजारानं आधीच एवढासा झालेला तो चेहरा शालिकरामला बघवेना. शिवाय बिल्टीवर खोटा शब्द त्यानं जन्मात लिहिला नव्हता. त्यानं ठसठशीत अक्षरात 'नवा कोरा' लिहिलं, पत्रातली किंमतही जशीच्या तशी उतरवली. ताराचंदनं कपाळावर हात मारला.

पार्सल मोठ्या पोस्टात आलं आणि शालिकरामनं खिडकीतल्या बाबूकडून ड्यूटीचा आकडा पुन्हा विचारून घेतला. टेपच्या किमतीहून ड्यूटी मोठी, वर पोस्टाचा आकार वेगळा. घरातलं सोनं औषधात गेलं होतं. गोदामाच्या मालकाची उचल आधीच अंगावर होती. ताराचंदनं दिलं ते त्याच्या ऐपतीप्रमाणे दिलं, पण दर्यामें खसखस. पोस्टानं दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी शालिकराम खिडकीशी गेला.

"बाबू, टेप नाही पाहिजे मले. तो तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. "आतली कॅसेट तेवढी काढून द्या. तिच्यात माह्या पोराचा आवाज हाय. घरी त्याची माय चालली."

बाबूही वाईट नव्हता. मान खाली घालून तो म्हणाला, "काका, फोडता येत नाही. सोडवायचं तर पूर्ण सोडवा, नाहीतर परत जातं."

शालिकरामनं मान डोलावली. या वाक्यापुढे काय बोलायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्यापुढे कधी कोणाला बोलता आलं नव्हतं. पोस्टाच्या फळीवर कापडात शिवलेलं पार्सल होतं. चंद्रभानचं तिरकं अक्षर खिडकीतून दिसत होतं.

घरी जयवंता वेणी घालून, भिंतीला टेकून बसली होती. मुंबईहून अजून आलंच नाही असं सांगायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण तिला पाहिल्यावर जमलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"मीच बोलली जुना काहून म्हणून," ती म्हणाली.

"नाही वं. लिहिलं मी."

मग त्यानं रिकाम्या स्टुलाशी बसून चंद्रभानचं जुनं पत्र उघडलं. आज जीव ओतून वाचायचं, पोरासारखं वाचायचं. 'माय' हा पहिला शब्द त्यानं दोनदा म्हणून पाहिला, हळू, लाडानं, चंद्रभान दारातून हाक मारायचा तसा लांब ओढून.

जयवंतानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"नका वाचू," ती म्हणाली. "त्याचा आवाज थोडासा ध्यानात हाय माह्या. तुम्ही वाचसान तं तोही पुसून जाईन."

त्यानं पत्राची घडी घातली.