ताईचे हसू सांभाळणारा टेपरेकॉर्डर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात एका बाईचे हसू आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. माझा मालक दूरदर्शनवरच्या विनोदी मालिका लिही. त्याला लहानाचे मोठे केले ते त्याच्या ताईने, शिवणकाम करून. तिचे स्वतःचे लग्न त्यात राहूनच गेले.

ताई मशीन चालवायची, मालक समोर बसून नवा भाग वाचायचा आणि मी दोघांना टिपून घ्यायचो. ताईचा पाय मशीनच्या पॅडलवर थांबला आणि ती हसली, की तो विनोद पास. मशीन चालूच राहिले, की त्यावर काट.

"ताई, हसली का नाहीस?"

"शिळा आहे रे. परवाच्या भाजीसारखा."

"मग कापू?"

"काप. मी बाही कापते, तू हे काप."

तिचे हसू आधी केटलीसारखे सूं करी, मग खळखळे आणि शेवटी एक उचकी येई. सांगणारा कितीही मोठा असो, समोर मनापासून ऐकणारे एक माणूस असले, तरच देव त्याच्या जिभेवर बसतो. मालिका गाजली. मालकाला हार पडले, मलाही रोज मऊ फडक्याने पुसले जाई.

पुढे मालक मोठा झाला. ताईला वाचून दाखवणे थांबले. विनोद पडू लागले. तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "प्रेक्षक हसत नाहीत, तर हसू आपण जोडू." मालकाने मला उचलून स्टुडिओत नेले. माझ्यातले ताईचे हसू त्यांनी उतरवून घेतले आणि मला घरी परत आणून ठेवले. मला बोलता आले असते, तर मी नाही म्हटले असते.

त्या आठवड्यात ताई कौतुकाने टीव्हीसमोर बसली. भागात एक बिनलग्नाची शिंपीण होती. दुसऱ्यांचे लग्नाचे कपडे अंगाला लावून ती आरशात बघत होती. ताईला असे करताना घरात फक्त मालकाने पाहिले होते. आणि त्यावर हसू फुटले. केटलीचे सूं, खळखळ, उचकी.

ताईने टीव्ही बंद केला. मालक घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "यावर मी हसले नव्हते."

"अगं, नुसतं हसू तर आहे. कुणाचंही असतं."

"कुणाचंही नाही रे. माझं आहे."

वर्षभरात मालिका बंद पडली. मालक नवे कागद घेऊन परत ताईच्या शिवणाच्या खोलीत आला. माझे बटण दाबून वाचू लागला. विनोद चांगले होते, मित्रांनो, खोटे कशाला सांगू? पण मशीन एकदाही थांबले नाही. त्या दिवशीच्या फितीवर त्याचा आवाज आहे आणि टाक्यांचा आवाज आहे, बस्स.

आता मी कपाटावर आहे. माझ्यावर बोटभर धूळ आहे, तिचे मला काही नाही. पुसा, नाहीतर राहू द्या. पण कुणी तुमच्यावर विश्वास ठेवून मोकळे हसले, तर ते हसू त्याच्यावरच उलटवू नका. आणि माझे बटण दाबण्याआधी शेजारच्या खोलीत जा. ताई अजून शिवते आहे. तिला विचारा.