आवाजाचा रकाना

कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणत. फरश्यांची दोन-दोन खोकी तो एका दमात उचलायचा. एके दिवशी उचलता उचलता मणका सरकला आणि पैलवान चारीमुंड्या चीत! डॉक्टरांनी महिनाभर आडवं पडून राहायला सांगितलं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवेल तो कारखाना कसला? रजेवरच्या माणसाच्या घरी तपासनीस यायचा. तीन वाईट शेरे पडले की नोकरी गेली.

पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा बायको कामावर होती. भिंत धरत, कण्हत तो दाराशी पोचला, तोवर जिना रिकामा. दाराखालून चिठ्ठी सरकवलेली होती. ती उचलायला वाकताही येईना. संध्याकाळी बायकोने वाचून दाखवली, “घरी आढळला नाही.”

“अहो, उद्यापासून दाराशीच खुर्ची टाकून बसा,” ती म्हणाली.

तीन दिवस तो दात आवळून बसला. चौथ्या दिवशी बेल वाजताच दार उघडलं.

“वा, लगेच उघडलंत की!” तपासनीस म्हणाला आणि त्याने लिहिलं, 'हालचाल व्यवस्थित.'

इकडे आड, तिकडे विहीर. बायकोने मग दार उघडंच ठेवून जायला सुरुवात केली. चोर आला तरी न्यायचं काय होतं?

“या साहेब, आत या!” तिसऱ्या वेळी पैलवानाने पलंगावरून हाक मारली.

“आम्हाला उंबरा ओलांडायची परवानगी नाही. तुम्ही बाहेर या.”

“येता येत नाही म्हणून तर रजेवर आहे ना!”

“मग तुम्हाला पाहिलं असं कसं लिहू?”

“आवाज तर ऐकताय?”

“आवाजाचा रकाना नाही हो. सावकाश या, मी थांबतो.”

माणूस वाईट नव्हता, खरंच थांबला. पैलवानाला रडू फुटलं. पलंगावरून उतरताना तो पडला आणि रांगतच दारापर्यंत आला. “अरेरे!” म्हणत तपासनीसाने उंबऱ्यावरूनच दोन्ही हात दिले, पैलवानाला अलगद उभं केलं, चौकट धरायला लावली. मग पेन काढून खरं तेच लिहिलं, 'दारात उभा आढळला.'

“इथे सही करा,” तो हळूच म्हणाला.

पैलवानाने एका हाताने चौकट धरून दुसऱ्याने सही केली.