थांबून विचारावे

निशिगंधाने लिहिलेली चौदा पानं वाचून कुणीही खूश झालं असतं. अडचण एवढीच होती, की ती माणसाने वाचायची नव्हती.

माजिवड्याच्या तिच्या कंपनीने कागदपत्रांत दुरुस्त्या करणारं एक साधन तयार केलं होतं. ते वापरणार होता एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण उरकणारा प्रोग्राम. साधन कसं वापरायचं हे त्या एजंटला समजावणारी पानं लिहिणं, हे निशिगंधाचं काम. ओळी कशा बघायच्या, मजकूर कसा बदलायचा, नवी ओळ कुठे घालायची, सगळं तिने उदाहरणांसकट लिहिलं होतं. तरीही पहिल्या चाचणीत एजंटने एका सोसायटीच्या करारातल्या बारा दुरुस्त्यांपैकी पाच भलत्याच ओळींवर केल्या, आणि वर ‘सर्व दुरुस्त्या पूर्ण’ असं ठणकावून सांगितलं.

तिचे वरिष्ठ गुरुदत्त सर आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. शुक्रवारी पुन्हा चाचणी घेऊ म्हणाले, आणि तीही फसली तर काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल, हेही तितक्याच शांतपणे म्हणाले. निशिगंधाचा नोकरीतला हा सहावा महिना. कायम करायचं की नाही, ते याच महिन्यात ठरायचं होतं. काम गेलं की मागोमाग नोकरीही जाणार, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या घरी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. समोर तिच्या सासूबाई, हेमाताई, मेथी निवडत होत्या. हेमाताईंनी कल्याणला कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून एकतीस वर्षं काढली होती. सुनेचं उतरलेलं तोंड त्या दोन दिवस बघत होत्या, शेवटी त्यांनी विचारलंच. निशिगंधाने सांगितलं, पण त्यांना यातलं काही कळेल अशी आशा न ठेवता.

हेमाताईंनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की ती चमकली. एजंटने सुरुवात कुठल्या पानापासून केली? पहिल्या पानापासून, ती म्हणाली. मग चुकणारच, हेमाताई म्हणाल्या. वर दोन ओळी वाढल्या की खालच्या सगळ्या सरकतात, यादीतली चाळिसावी ओळ बेचाळिसावी होऊन बसते. कच्च्या मसुद्यात कात्रीने कापून नव्या पट्ट्या चिकटवायच्या असत, तेव्हा त्या नेहमी शेवटच्या पानापासून सुरुवात करत आणि खालून वर येत. शिवाय ओळ बदलण्याआधी तिच्या वरची आणि खालची अशा तीन ओळी वाचून घेत, आणि पट्टी चिकटल्यावर त्याच तीन पुन्हा वाचत.

निशिगंधा भराभर टिपून घेत होती. ज्या बाईला फोनवरून फोटो पाठवायला आपण चारचारदा शिकवलं, तिच्यासमोर आज आपण पाटी घेऊन बसलोय, याची तिला गंमत वाटली आणि मग जरा लाजही.

हेमाताईंनी हात धुऊन चष्मा लावला आणि चौदाच्या चौदा पानं वाचली. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या, तरी त्या उठल्या नाहीत.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण सांगितलेलं वाक्य सापडलंच नाही, किंवा दोन ठिकाणी सापडलं, तर त्याने काय करायचं, ते कुठंय?"

ते कुठेच नव्हतं. काय काय करता येतं हे लिहिण्याच्या नादात कधी हात आवरायचा, ते निशिगंधाने लिहिलंच नव्हतं.

"मग त्या बिचाऱ्याने अंदाजच बांधायचा ना?" हेमाताई म्हणाल्या, आणि त्यांनी एका वाटणीपत्राची गोष्ट सांगितली. थोरल्या भावाच्या हिश्शाचं एक वाक्य त्यात दोनदा आलं होतं, आणि ते काढून टाका एवढाच निरोप होता. कुठलं काढायचं, हे विचारायला त्या आत गेल्या. तुम्हाला टाईप करायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही, असं वकीलसाहेब अशिलांच्या देखत म्हणाले. हेमाताई उलट बोलल्या नाहीत, पण साहेबांनी स्वतः येऊन वाक्य दाखवेपर्यंत त्यांनी मशीनवर बोटही ठेवलं नाही. साहेब आले, दाखवलं आणि गेले. पुढे त्या विषयावर अवाक्षर नाही.

हे सगळं हेमाताईंनी मेथीच्या काड्या केरात टाकता टाकता सांगितलं. निशिगंधाला मात्र ते फार लागलं. एकतीस वर्षं इतकं चोख काम, आणि घरात कुणी कधी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

तिने चौदा पानांची सहा केली. खालून वर यायचं, तीन ओळी वाचायच्या, सगळं घातलं. आणि सर्वात वर लिहिलं: ‘शंका आली तर अंदाज करू नये. थांबून विचारावे. थांबणे ही चूक नाही.’

शुक्रवारी करार नवा होता आणि बारा दुरुस्त्यांची यादी गुरुदत्त सरांनी स्वतः केली होती. एजंटने शेवटच्या पानापासून सुरुवात केली. एकेक बदल करून पुन्हा वाचत तो वर सरकत गेला. अकरा दुरुस्त्या बिनचूक झाल्या आणि तो थांबला. खोलीत कुणीतरी ‘अडकला’ म्हणालं. निशिगंधा पडद्याकडे झुकली.

पडद्यावर उमटलं: ‘सभासदाने लेखी सूचना द्यावी, हे वाक्य कलम नऊ आणि कलम सतरा अशा दोन्ही ठिकाणी आहे. कोणते बदलू?’

सरांनी करार वरखाली करून पाहिला. मग आपली यादी हातात घेऊन पुन्हा तपासली.

"यादी माझी चुकलीय," ते म्हणाले. "कलम लिहायचंच राहिलं."

हा थांबण्याचा नियम कुठून आणलास, असं त्यांनी विचारलं, तेव्हा निशिगंधाने सासूबाईंचं नाव सांगितलं. आता हे काम तूच शेवटपर्यंत ने, सर म्हणाले, आणि त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

संध्याकाळी घरी तिने चपला काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. काम सुनेकडेच राहिल्याचं ऐकून हेमाताईंचा चेहरा खुलला. पण त्यांचं मन दुसरीकडेच घुटमळत होतं.

"तो थांबला, म्हणून कुणी बोललं नाही ना त्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. सरांनी स्वतः टाईप करून उत्तर दिलं. ‘कलम नऊ. बरं झालं विचारलंस.’"



"परत सांग," हेमाताई म्हणाल्या. "काय लिहिलं त्यांनी?"

निशिगंधाने परत सांगितलं.